हातभर अंतरावरचा शिपाई

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा कधी हातात घेऊन नीट बघितलाय? एक डोळा जागेवर असतो, दुसरा गालावर आलेला असतो. मिशी एका बाजूला वर, एका बाजूला खाली. पागोट्याचा लाल रंग कपाळावर ओघळलेला. पण तोच मावळा बुरुजावर ठेवा, चार पावलं मागे या आणि बघा... एकदम ऐटबाज! मावळ्याचा डोळा चुकला म्हणून कोणी किल्ला न बघता परत गेलाय, असं मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

ही साधी गोष्ट मला विसाव्या वर्षी कळली आणि तीही एका इंग्रज लेखकामुळे. हर्बर्ट जॉर्ज वेल्स. ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ लिहिणारा.

झालं असं की, सुट्टीत माझ्या मावसभावाने परदेशातून येताना एका खेळाचा डबा आणला. हा खेळ म्हणजे बुद्धिबळाचा लांबचा भाऊ, पण याला पट नसतो. टेबलावर टेकड्या, घरं, झाडं मांडायची, दोन्हीकडे छोट्या मूर्तींच्या सेना उभ्या करायच्या, पट्टीने मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून लढाई करायची. सेनेत माणसांबरोबर जादूगार, राक्षस, ड्रॅगन असे सगळे असतात. मूर्ती मात्र राखाडी प्लॅस्टिकच्या येतात, रंगवायचं काम आपलं. माझ्या वाट्याला वीस गॉब्लिन आले. गॉब्लिन म्हणजे बुटके, लांब नाकाचे, दुष्ट राक्षस. एकेक जेमतेम तीन सेंटिमीटरचा.

मी पहिला गॉब्लिन रंगवायला घेतला. बुबुळं काढली, पुसली, परत काढली. कंबरपट्ट्याच्या बक्कलला चकाकी आणली. एका गॉब्लिनला अकरा दिवस लागले! सुट्टी संपली. उरलेले एकोणीस राखाडीच राहिले आणि खेळ एकदाही झाला नाही. मग वैतागून, हा उद्योग मुळात सुरू कोणी केला याचा शोध घेतला तेव्हा वेल्स सापडला. युद्धाचे खेळ त्याच्या आधीही होते. प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकातच वापरले जायचे. पण साध्या माणसाने घरच्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून खेळावं, यासाठी सुटसुटीत नियम छापून लोकप्रिय केले ते वेल्सने, 1913 साली. त्याचं आयुष्य वाचताना वाटलं, हा माणूस आपल्या ब्रशबद्दलही काहीतरी सांगतोय आणि सबमिशनबद्दलही.

वेल्सचा जन्म 21 सप्टेंबर 1866 चा, केंट परगण्यातल्या ब्रॉम्ली गावचा. घरी त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ यांचं दुकान होतं, त्यात चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान मिळायचं. (एवढ्यावरूनच कळतं की दुकान काही चालत नसणार!) त्यातल्या त्यात आधार होता तो क्रिकेटच्या पैशांचा. जोसेफ चांगले गोलंदाज होते. 1862 मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी ओळीने चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. 1874 मध्ये छोट्या बर्टीचा पाय मोडला. तो अंथरुणाला खिळला आणि वडील त्याला पुस्तकं आणून देऊ लागले. तिथून त्याला वाचनाचं वेड लागलं. तीन वर्षांनी वडिलांचाच पाय मोडला. क्रिकेट संपलं आणि घराची घडी विस्कटली. 1880 मध्ये आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात घरव्यवस्था बघायच्या नोकरीला गेली आणि बर्टीला कापडाच्या दुकानात उमेदवारीला पाठवण्यात आलं.

साउथसीच्या त्या कापड दुकानात त्याने सुमारे दोन वर्षं काढली. रोज तेरा तास उभं राहून तागे उचलायचे, घड्या घालायच्या. एका रविवारी तो उठला आणि उपाशीपोटी सुमारे सतरा मैल चालत आईकडे अपपार्कला गेला. हे काम मी करणार नाही, असं त्याने तिला सांगितलं. शेवटी 1883 मध्ये मिडहर्स्टच्या शाळेत त्याला शिकता शिकता शिकवायची जागा मिळाली आणि 1884 मध्ये शिष्यवृत्तीवर तो लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये पोचला. हीच संस्था पुढे इंपीरियल कॉलेजचा भाग झाली. तिथे पहिल्या वर्षी जीवशास्त्राला साक्षात टी. एच. हक्सली! डार्विनच्या बाजूने सगळ्या इंग्लंडशी वाद घालणारा माणूस. शिष्यवृत्ती आठवड्याला एक गिनी. त्यात राहणं, खाणं, सगळं.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. पुढे मात्र आपल्यासारखंच झालं. लेक्चरला कंटाळा आणि बाकीच्या उद्योगांना उत्साह. वादविवाद मंडळात भाषणं, आणि 1886 च्या डिसेंबरमध्ये मित्रांबरोबर ‘सायन्स स्कूल्स जर्नल’ हे विद्यार्थ्यांचं मासिक. पहिला संपादक स्वतः वेल्स. परिणाम व्हायचा तोच झाला. 1887 मध्ये भूगर्भशास्त्रात नापास. आपल्या भाषेत, केटी! डिग्री न घेताच त्याला कॉलेज सोडावं लागलं. त्याच वर्षी वेल्समधल्या एका शाळेत शिकवताना फुटबॉलच्या मैदानावर मूत्रपिंडाला जबर मार बसला आणि तब्येतीने दगा दिला. तरी त्याने अभ्यास सोडला नाही. 1890 मध्ये बाहेरून परीक्षा देऊन लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवलीच.

आता आपल्या मासिकाच्या संपादक मंडळाने इकडे लक्ष द्यावं. 1888 मध्ये त्या विद्यार्थी मासिकात वेल्सची ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’ ही कथा तीन भागांत छापून आली. त्यात काळातून प्रवास करणारं यंत्र होतं. कथा फार कच्ची होती, पुढे खुद्द वेल्सलाही ती तशीच वाटली. पण ती लिहून झाली होती आणि छापून आली होती. मग त्याने ती पुन्हा पुन्हा नव्याने लिहिली आणि 1895 मध्ये ‘द टाइम मशीन’ आलं. लगेच 1896 मध्ये ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, 1897 मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’, 1898 मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’. चार वर्षांत चार पुस्तकं आणि चारही आजपर्यंत जिवंत! पहिली कथा परफेक्ट होईपर्यंत तो थांबला असता, तर यातलं किती लिहून झालं असतं कोण जाणे.

पैसा आला तसं वेल्सने सँडगेटला समुद्रकाठी घर बांधून घेतलं, स्पेड हाउस. पत्नी जेन आणि दोन मुलगे, 1901 मध्ये जन्मलेला जॉर्ज म्हणजे जिप, आणि 1903 मधला फ्रँक. घरात खेळण्यांचा ढीग. त्यात एक स्प्रिंगची छोटी तोफ होती. ती इंचभर लांबीचं लाकडी कांडं उडवायची आणि नेम असा की आठ-नऊ यार्डांवरचा शिपाई आडवा व्हावा. एक दिवस जेवणानंतर घरी आलेल्या मित्राने ती तोफ उचलली आणि शिपायांवर नेम धरायला सुरुवात केली. हा मित्र बहुधा ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम के. जेरोम, कारण पुस्तकात वेल्सने त्याची तेवढीच आद्याक्षरं दिली आहेत. दोन मोठी माणसं गालिच्यावर पालथी पडली, एन्सायक्लोपीडियाचे जाडजूड खंड मांडून डोंगर केले आणि लढाई पेटली!

त्यातून हळूहळू नियम तयार झाले. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ पुरेसे शिपाई नसतील तर तोफ उडवता येणार नाही. प्रत्येक चालीला घड्याळ लावायचं, विचार करत बसायला वेळ नाही. सुरुवातीला मध्ये पडदा टाकायचा, म्हणजे समोरच्याची मांडणी दिसत नाही. 1911 मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ आणि 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ अशी दोन पुस्तकं आली. ‘लिटल वॉर्स’च्या लांबलचक उपशीर्षकात वेल्सने हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी असल्याचं सांगितलंय, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींनाही परवानगी दिलीय. (मेकॅनिकलच्या वर्गात पाच मुलींपैकी एक असल्यामुळे मी हा टोमणा कौतुक म्हणून स्वीकारते!)

आता मुद्द्याचं. हे शिपाई रंगवले कोणी? वेल्सने नाही. ते ब्रिटन्स नावाच्या लंडनच्या कंपनीचे होते. 1893 मध्ये विल्यम ब्रिटन ज्युनिअर याने पोकळ ओतकाम सुरू केलं. साच्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा, साच्याला लागलेला बाहेरचा पातळ थर घट्ट झाला की आतला अजून पातळ असलेला धातू लगेच बाहेर ओतून टाकायचा. आपल्या मॅन्युफॅक्चरिंगच्या पुस्तकात ज्याला स्लश कास्टिंग म्हणतात तेच. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. जर्मनीहून येणाऱ्या भरीव शिपायांना त्यामुळे मोठी टक्कर मिळाली. रंगकाम हाताने व्हायचं आणि त्यातलं पुष्कळसं काम बायका आपापल्या घरी बसून करायच्या. लाल कोट, काळी टोपी, चेहऱ्यावर गुलाबी रंग, डोळ्यांना दोन ठिपके, मिशीची एक रेघ, संपलं. जवळून बघाल तर तो चेहराच नाही, नुसते ठिपके. पण गालिच्यावर पालथ्या पडलेल्या वेल्सला पलीकडच्या कोपऱ्यातला शिपाई कोणाच्या बाजूचा, घोड्यावर की पायी, हे क्षणात कळायचं. खेळाला तेवढंच हवं असतं.

आजचे खेळाडू यालाच टेबलटॉप स्टँडर्ड म्हणतात. मूर्ती टेबलावर असताना, हातभर अंतरावरून छान दिसली पाहिजे. नाकाला लावून बघायची ती स्पर्धेची मूर्ती, तिचा हिशोब वेगळा. आणि हे साधायची रीतही घरी बसून रंगवणाऱ्या त्या बायकांच्या कामासारखीच, म्हणजे घाऊक! एक मूर्ती घेऊन पूर्ण करायची नाही. आठ-दहा मूर्ती ओळीने मांडायच्या. साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडने खरवडून काढायची. सगळ्यांना एकदम अस्तराचा फवारा मारायचा, म्हणजे पुढचा रंग धरतो. मग सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांचे कपडे, मग सगळ्यांचं लोखंड. दहाव्या मूर्तीपर्यंत पोचतो तोवर पहिली वाळलेली असते. फुकटचा थांबण्याचा वेळ नाही की ब्रश सारखा धुणं नाही. असेंब्ली लाइनच ही!

त्यानंतर दोन युक्त्या. पहिली, वॉश. पातळ गडद रंग वरून सोडायचा, तो आपोआप खाचांमध्ये उतरतो आणि सावली तयार होते. दुसरी, ड्राय ब्रश. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदाला पुसायचा आणि उरलेला कोरडा ब्रश मूर्तीवरून फिरवायचा, म्हणजे फक्त उंचवट्यांना फिकट रंग लागतो. सावली आणि उजेड दोन्ही मूर्तीचा आकारच करून देतो, आपण नुसती मदत करायची. 2019 मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले, ते फिकट अस्तरावर एकाच हातात दोन्ही कामं बऱ्यापैकी करतात. उरलेला वेळ दोनच ठिकाणी घालवायचा, चेहरा आणि पायाखालची बैठक. बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते, आणि बैठकीवर वाळू-गवत नीट लावलं की अख्खी सेना एका मातीतली वाटते. बुबुळं? हातभर अंतरावरून बुबुळं दिसतच नाहीत!

मला वाटतं वेल्स लिहायचाही असाच. पहिलं महायुद्ध संपता संपता त्याने ‘द आउटलाइन ऑफ हिस्टरी’ हाती घेतलं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासून आजपर्यंतचा सगळा इतिहास! 1919 च्या अखेरीस ते भागाभागाने बाहेर पडू लागलंसुद्धा. तज्ज्ञांनी चुका दाखवल्या आणि लाखो लोकांनी ते वाचलं. जगाचा इतिहास एकसलग असतो हे अनेकांना त्या पुस्तकाने पहिल्यांदा कळलं. हा त्याचा घाऊकपणा सगळ्यांना पटत नव्हता. शेजारच्या राय गावात राहणारा थोर कादंबरीकार हेन्री जेम्स त्याचा जुना स्नेही. जेम्स म्हणजे बुबुळं रंगवणारा माणूस, एकेक वाक्य घासूनपुसून लिहिणारा. 1915 मध्ये ‘बून’ या पुस्तकात वेल्सने त्याची टर उडवली आणि मैत्री तुटली. साहित्य हे घरासारखं असतं, ते वापरासाठी असतं, आणि आपल्याला कलावंतापेक्षा पत्रकार म्हटलेलं चालेल, असं वेल्सने जेम्सला पत्रात कळवलं. पुढच्याच वर्षी जेम्स गेला. टर उडवायची पद्धत वाईट होती, हे मान्यच करायला हवं. आणि वेल्सला किंमतही मोजावी लागली. शंभरापेक्षा जास्त पुस्तकं लिहिली, त्यातली आज पाच-सहाच आवडीने वाचली जातात. ती मात्र अशी आहेत की जग ती सोडायला तयार नाही.

पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती वाचून माझा हात थांबला. ‘लिटल वॉर्स’च्या शेवटी वेल्स अचानक गंभीर होतो. तीन-चार वेळा हा खेळ खेळलात तर खरं युद्ध किती गोंधळाचा आणि अवाढव्य मूर्खपणाचा प्रकार असेल ते कळेल, असं त्याचं म्हणणं. युद्धाची खुमखुमी असलेले राजे आणि सेनापती यांना एका मोठ्या दालनात भरपूर खेळण्यातली झाडं, घरं आणि शिपाई देऊन ठेवावं आणि बाकीच्यांना सुखाने जगू द्यावं, असा उपायही त्याने सुचवला. त्याआधी ‘फ्लोअर गेम्स’मध्ये त्याने तक्रारच केली होती की दुकानात शिपाई ढीगभर मिळतात, साधे नागरिक मात्र शोधून सापडत नाहीत.

पुस्तक आलं 1913 मध्ये आणि ऑगस्ट 1914 मध्ये खरं युद्ध सुरू झालं. जिप तेरा वर्षांचा होता, फ्रँक दहा-अकराचा. ते वाचले. पण ब्रिटन्सचे लाल कोटवाले शिपाई घेऊन लहानपणी खेळलेली त्यांच्याहून थोडी मोठी मुलं खाकी घालून फ्रान्सच्या चिखलात उतरली. खेळात आडवा पडलेला शिपाई पुढच्या डावाला परत उभा राहतो, फार तर थोडा रंग उडालेला असतो. आणि स्वतः वेल्स? युद्धाविरुद्ध एवढं लिहिणारा हा माणूस त्याच महिन्यात या युद्धाच्या बाजूने लिहू लागला. हे युद्ध सगळी युद्धं संपवेल, अशा अर्थाचं नाव त्याने आपल्या पुस्तकाला दिलं आणि ते जगभर घोषवाक्य झालं. 1918 मध्ये तर तो सरकारी प्रचार खात्यात काम करत होता. त्याची ती आशा खोटी ठरली. त्याने दुसरं महायुद्धही पाहिलं. 1914 मध्येच ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्याने अणुबाँबची कल्पना मांडली होती. 1932 मध्ये ती कादंबरी लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने वाचली आणि 1933 मध्ये त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमा झालं तेव्हा वेल्स जिवंत होता. 13 ऑगस्ट 1946 रोजी लंडनच्या घरी तो गेला.

म्हणजे घाईने, ‘चालेल’ म्हणून सोडून द्यायच्याही काही गोष्टी नसतात. युद्धाबद्दलचं मत ही त्यातली एक. पुलाचं डिझाइन ही आणखी एक. तिथे हातभर अंतरावरून चांगलं दिसून भागत नाही. कुठल्या गोष्टीकडे किती अंतरावरून बघायचं, हे आधी ठरवता यायला हवं. माझ्या बाबतीत उलटं होतं. गॉब्लिनच्या बुबुळांना अकरा दिवस आणि मशीन डिझाइनच्या शीट्स शेवटच्या रात्री!

वेल्सच्या गालिच्यावर सुरू झालेला खेळ पुढे खूप लांब गेला. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’चे नियम काढले आणि त्यात जोडलेल्या पुरवणीतून राक्षस आणि जादूगार टेबलावर आले. 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’. याच गायगॅक्सने 2004 मध्ये निघालेल्या ‘लिटल वॉर्स’च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. नातवाने आजोबांच्या पाया पडावं तसं वाटलं मला ते.

गेल्या महिन्यात मी उरलेले एकोणीस गॉब्लिन ओळीने मांडले. शनिवारी अस्तर आणि कातडी, रविवारी कपडे, वॉश, ड्राय ब्रश. दोन दिवसांत एकोणीस! संध्याकाळी हॉस्टेलच्या कॉटखालून ड्रॉइंग बोर्ड काढला, जाड पुस्तकांचे डोंगर केले (आता त्यांचा काही तरी उपयोग झाला) आणि रूममेटबरोबर पहिली लढाई खेळले. मी हरले. अकरा दिवसांचा तो सुंदर गॉब्लिन दुसऱ्याच चालीत मेला. बाकीच्या एकोणीस जणांमध्ये तो कुठला होता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.